सादिये आणि हाफेजिये: शिराझच्या दोन कवींमधला फरक

इराणमधल्या शिराझला फारसीचे दोन थोर कवी विसावले आहेत, सादी आणि हाफेज. दोघं त्याच गावचे, दोघांनी गझल लिहिली, दोघांच्या कबरींभोवती सुंदर बागा आणि त्या जागांची नावंही एकाच घाटाची: सादिये आणि हाफेजिये. त्यामुळे एकाचा शेर दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो. माझ्या मते हा घोळ निस्तरला, तर फारसी काव्याचं निम्मं दार उघडतं.

आधी काळ. सादी हा हाफेजचा समकालीन नव्हे. सादी गेला १२९१-९२च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्याच्या लगेच पुढे. हाफेज त्यानंतर साधारण पंचवीस-तीस वर्षांनी जन्मला आणि १३९०च्या आसपास गेला. मधल्या शंभर वर्षांत शिराझवरची राजवट पार बदलली होती.

सादी हा हिंडलेला माणूस. बगदादच्या निजामिया मदरशात शिकला, वर्षानुवर्षं भटकला आणि गावी परतून लागोपाठ दोन पुस्तकं लिहिली: १२५७ साली ‘बोस्तान’, संपूर्ण पद्यात, आणि १२५८ साली ‘गुलिस्तान’, गोष्टींच्या गद्यात शेर पेरलेलं. १२५८ म्हणजे मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं ते वर्ष. शिराझ वाचलं, कारण तिथल्या अताबेगाने, म्हणजे राज्यकर्त्याने, मंगोलांना खंडणी भरली. सिकंदराने धातूची आणि दगडाची भिंत बांधली, तू सोन्याची बांधलीस, अशी दादही सादीने त्याला ‘बोस्तान’मध्ये दिली आहे. सादीची नजर अशी व्यवहारावर असते: राजाने कसं वागावं, गरिबाशी कसं बोलावं, कुठे गप्प बसावं. ‘भांडण पेटवणाऱ्या सत्यापेक्षा भलं करणारं खोटं बरं’ हे ‘गुलिस्तान’च्या पहिल्याच गोष्टीतलं वाक्य इराणी माणूस आजही म्हणीसारखं वापरतो. ‘बनी आदम आजा-ए-यकदीगरंद’, आदमची लेकरं एकमेकांचे अवयव आहेत, ही प्रसिद्ध ओळही त्याचीच. हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या मुन्शी फारसी शिकले ते ‘गुलिस्तान’ गिरवूनच.

त्याच्या नावाचा मराठीतल्या ‘साधी’शी काही संबंध नाही, ते आश्रयदात्या घराण्यातल्या ‘सअद’ या नावावरून आलं. पण त्याची भाषा खरोखरच साधी दिसते. फारसीत तिला ‘सहल-ए-मुमतना’ म्हणतात: वाचताना वाटतं आपल्यालाही जमेल, लिहायला बसलं की जमत नाही.

हाफेजचं मूळ नाव शमसुद्दीन मुहम्मद. कुराण मुखोद्गत म्हणून हाफेज. त्याने शिराझ फारसं सोडलं नाही. त्याच्या दिवाणात, म्हणजे काव्यसंग्रहात, पाचशेच्या आसपास गझला आहेत. १३५३ साली मुबारिझुद्दीन या राज्यकर्त्याने शिराझ जिंकलं आणि मद्यालयं बंद केली. हाफेजच्या गझलेत दारूचे वास घेत फिरणारा मोहतसिब (लोकांच्या वागण्यावर पहारा ठेवणारा अधिकारी) आणि ढोंगी जाहिद (विरक्तीचा आव आणणारा धार्मिक माणूस) सारखे भेटतात, त्यामागे हा काळ आहे. उघड बोलणं धोक्याचं, म्हणून शब्दाला दोन-दोन अर्थ. त्याची शराब द्राक्षाची की ईश्वरप्रेमाची, हा वाद सहाशे वर्षं चालू आहे. मला तर दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे वाटतात आणि त्यातच त्याची ताकद दिसते.

गझलेतला फरकही इथूनच येतो. सादीची गझल बहुधा एकाच भावनेचा धागा धरून सरळ वाहते. हाफेजचा प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो, पुढचा शेर भलतीकडेच नेतो. माधव जूलियन यांच्यापासून मराठीत रुजलेल्या गझलेत सुट्या शेरांची जी सवय आपल्याला आहे, ती हाफेजजवळची.

आपल्या मुलखाशी दोघांचं नातं मात्र गमतीदार उलटं आहे. सादी ‘बोस्तान’मध्ये सांगतो की आपण सोमनाथच्या मंदिरात राहून आलो. त्या गोष्टीत इतके घोटाळे आहेत की अभ्यासक ती खरी मानत नाहीत. हाफेजला तर दख्खनचं खरंखुरं बोलावणं होतं, असं फरिश्ता लिहितो. हा इतिहासकार स्वतः अहमदनगरला आणि पुढे विजापूरला राहिलेला. त्याच्या सांगण्यानुसार गुलबर्ग्याच्या बहमनी दरबारातून वाटखर्च गेला, हाफेज होर्मुझपर्यंत येऊन जहाजात बसला, वादळ उठलं आणि तो उतरून परत गेला. मागे एक गझल पाठवली. त्यातल्या एका शेराचा आशय असा: नफ्याच्या वासाने समुद्राचा त्रास आधी सोपा वाटला, चुकलो, शंभर मोत्यांसाठीही हे तुफान परवडत नाही.

आता प्रत्यक्ष जागा. सादिये शहराच्या ईशान्य कडेला आहे. आजची इमारत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची, तिच्यावर फिरोजी घुमट. पायऱ्या उतरून खाली गेलं की जमिनीखालून वाहणाऱ्या कनातीचं, म्हणजे भुयारी कालव्याचं, पाणी आणि त्यातले मासे दिसतात. हाफेजियेत भिंतीच नाहीत. आठ खांब, वर दरवेशाच्या टोपीच्या आकाराचा घुमट, त्याच्या आत रंगीत फरशांची नक्षी. हा मंडप १९३०च्या दशकात फ्रेंच वास्तुकार आंद्रे गोदारने उभा केला. खालचा संगमरवरी दगड जुना, अठराव्या शतकातला राज्यकर्ता करीमखान झंद याच्या वेळचा, त्यावर हाफेजचीच गझल कोरलेली. लोक त्यावर बोटं टेकवून उभे राहतात, कुणी मोठ्याने शेर म्हणतं. बाहेर आपल्या पोपटवाल्या ज्योतिषासारखा माणूस पक्षी घेऊन असतो. पक्षी चोचीने पाकीट काढतो, आत हाफेजचा शेर. हा ‘फाल’, म्हणजे शकुन. यल्दाला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, घराघरांत दिवाण उघडून तो काढतात. यासाठी सादीचं पुस्तक कुणी उघडत नाही.

वेळ एकाच दिवसाचा असेल तर सकाळी सादिये बघा, दिवेलागणीला हाफेजियेत जा आणि बाकावर बसून राहा. कुणीतरी शेर म्हणायला लागेलच.