विमान साडेबाराचं, मग गाडी किती वाजता?

(जालना, अंबड, परतूर, मंठा भागातल्या आमच्या भाड्याच्या गाड्यांच्या ग्राहकांसाठी)

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिल्ली किती लांब, विमानाला किती वेळ? आधी तेवढं सांगून टाकतो. चिकलठाण्याहून (छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ) दिल्ली हवेतून सुमारे ९८० किलोमीटर, रस्त्याने बाराशेच्या वर. मुंबई हवेतून साधारण २८०. तिकिटावर दिल्लीला दोन तासांच्या आसपास दिसतात, मुंबईला तासभर.

"अंतर तिसरा हिस्साही नाही, मग वेळ निम्मा कसा?" असं मंठ्याच्या एका काकांनी विचारलं. बरोबर विचारलं. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, मुंबईत उतरायचा नंबर लागणं, हे सगळं त्यात आलं. अंतर कमी म्हणून हे कमी होत नाही.

आता मुद्द्याचं. "साडेबाराचं विमान आहे, तासाचा रस्ता, अकराला गाडी पाठवा." विमान चुकतं ते याच हिशेबाने. साडेबारा ही विमान हलायची वेळ आहे, तुम्ही पोहोचायची नाही. सामानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी, म्हणजे साडेअकरालाच बंद होतो. गेट २५ मिनिटं आधी. अकराला जालना सोडलं तर साडेअकराला तुम्ही बदनापूरच्या आसपास असता!

गेल्या पावसाळ्यात अंबडचं एक कुटुंब लेकीला दिल्लीला शिकायला सोडायला निघालं. आम्ही साडेआठ सुचवले, त्यांनी दहाची गाडी घेतली. करमाडच्या पुढे ट्रक आडवा झालेला. पोहोचले तेव्हा विमान उभं होतं, पण बॅगांचा पट्टा बंद. लेक गादीची वळकटी कवटाळून तिथेच बसली. दुसरं तिकीट काढायला लागलं ते वेगळंच. तेव्हापासून आम्ही या बाबतीत ऐकत नाही.

विमान सुटायच्या दोन तास आधी विमानतळाच्या दारात. त्यासाठी जालन्याहून साडेतीन तास, अंबडहून चार, मंठ्याहून साडेचार तास आधी गाडी निघेल. वेटिंग लावायला लवकर बोलावता, असं काही जण म्हणतात. सोडायला जाताना आम्ही वेटिंग घेतच नाही, दारात उतरवलं की भाडं संपलं. आणायला येतो तेव्हाही विमान उतरल्यापासून पहिला तास धरत नाही. विमान लेट असेल तर ते आम्हीच मोबाइलवर बघतो, तुम्ही ड्रायव्हरला फोन करत बसू नका.

मुंबईहून दुबई किंवा उमराहसाठी जेद्दाहला जाणाऱ्यांनी तारीख नीट बघावी. १५ तारखेचं रात्री १२:४० म्हणजे १४ च्या रात्रीचं विमान. तीन तास आधी पोहोचायचं, म्हणून गाडी १४ च्या दुपारीच निघते, समृद्धी महामार्ग धरला तरी. तिकिटावर उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, जेद्दाह अडीच तास. त्यामुळे दहाला सुटून पावणेबाराला दुबईत उतरलेलं विमान पावणेदोन तासांचं नसतं, सव्वातीन तासांचं असतं.

बुकिंग करताना नुसती वेळ सांगू नका, तिकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. निघायची वेळ आम्ही काढून कळवतो. वेब चेक-इन झालं असेल आणि फक्त हातातली बॅग असेल तर तेही लिहा, अर्धा तास उशिरा निघता येतं.