डी-डायमर वाढला म्हणजे नेमकं काय झालं?

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडच्या पेशंटचे रिपोर्ट रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचे. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं तेही ‘आज डी-डायमर खाली आलाय’ म्हणून हुश्श करायचे. बाकीच्या आकड्यांचं थोडक्यात आटोपतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटायच्या, दाह वाढला की यकृत सीआरपी हे प्रथिन बनवायला लागायचं, पेशींची मोडतोड झाली की त्यांच्यातलं एलडीएच हे विकर (एन्झाइम) रक्तात वाढायचं. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी, हा समज मात्र अजून पक्का आहे.

खरं तर तो मोडलेल्या गुठळीचा तुकडा. आणि तो बनतो कसा, ही मला शरीरातली सर्वांत देखणी रसायनक्रिया वाटते.

आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. रेणू लांबट, दोन्ही टोकांना ‘डी’ हे भाग, मधोमध ‘ई’. रक्तवाहिनीचं अस्तर दुखावलं की थ्रॉम्बिन हे विकर ‘ई’वरचे छोटे तुकडे छाटतं. त्यामुळे तिथल्या चिकट जागा उघड्या पडतात आणि रेणू एकमेकांना बिलगून फायब्रिनचे धागे तयार होतात. हे जाळं अजून कच्चं असतं. मग रक्त गोठवणारा ‘फॅक्टर तेरा’ हा घटक शेजारशेजारच्या दोन रेणूंचे ‘डी’ एकमेकांना पक्के टाचतो. पुढे प्लाझ्मिन हे दुसरं विकर जाळं कापायला घेतं. ‘डी’ आणि ‘ई’ यांना जोडणारा भाग ते सहज तोडतं, पण दोन ‘डी’मधला टाका काही त्याला उसवत नाही. उरते ती जोडी म्हणजे डी-डायमर.

म्हणजे जाळं विणलं गेलं, पक्कं झालं आणि तुटायलाही लागलं, एवढं हा तुकडा सांगतो. कुठे, ते सांगत नाही. गर्भारपणात, ऑपरेशननंतर, कर्करोगात, नुसत्या वयानेही तो वाढतो. कोविडमध्ये फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजून तिथे सूक्ष्म गुठळ्या होत. वुहानच्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दाखल होतानाच ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कितीतरी जास्त दिसला.

आता एककांचा घोळ. काही लॅब डीडीयूमध्ये (डी-डायमर युनिट) आकडा देतात, काही एफईयूमध्ये (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट), आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. पहिल्या लॅबचा ४०० आणि दुसरीचा ८०० हे एकच असू शकतात. लॅब बदलली की ‘एका रात्रीत डबल झाला’ म्हणून घरभर घबराट. आकड्याशेजारचं एकक आणि त्या लॅबची नॉर्मल मर्यादा वाचायची तसदी कोण घेतो?

त्यातच लसूण-दालचिनीचे ‘रक्त पातळ करणारे’ काढे सुचवणारे मेसेज. काढ्याने कोविडमधल्या गुठळ्या थांबतात याला पुरावा शून्य. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची मात्र रीतसर चाचणी झाली. निष्कर्ष ऑगस्ट २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. अतिगंभीर नसलेल्या भरती रुग्णांना पूर्ण डोसाचा (नेहमीच्या प्रतिबंधक डोसापेक्षा मोठ्या) फायदा झाला, डी-डायमर कमी असो वा जास्त. आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांना मात्र, ज्यांचे आकडे बघून घरच्यांचे प्राण कंठाशी येत, त्याच डोसाने फायदा झाला नाही.