गोधडी गरम नसते

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी लांबलचक फॉरवर्ड टाकला. मुद्दा असा: कार्बन डायऑक्साइडमुळे जी जादा उष्णता खाली येते ती अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांची, आणि हे किरण पाण्यात केसभरही शिरत नाहीत. मग हवेतल्या वायूने समुद्र तापेलच कसा? तापवतात ते तळचे ज्वालामुखी! शेवटी हात जोडल्याचे दोन इमोजी.

गंमत म्हणजे यातलं निम्मं अगदी बरोबर आहे. ज्वालामुखींचं आधी उरकून घेऊ. पृथ्वीच्या पोटातून समुद्रतळाला मिळणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला जेमतेम 0.1 वॉट. ती आजचीही नाही, पूर्वापार चालत आली आहे. शिवाय तळ पेटला असता तर समुद्र खालून वर तापत आला असता. प्रत्यक्षात उलटं घडतंय, सगळ्यात जास्त तापलंय ते वरचं पाणी.

आता केसभर न शिरणाऱ्या किरणांकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे.

समुद्राला तापवतो तो सूर्यच. दृश्य प्रकाश पाण्यात खोल उतरतो, निळा तर स्वच्छ पाण्यात दोनशे मीटरपर्यंतही पोचतो. म्हणजे उष्णता आत शिरते ती चांगल्या जाड थरातून. पण बाहेर पडायला तिला दार एकच, पृष्ठभाग. तिथून ती बाष्पीभवनाने आणि अवरक्त किरणांनी निघून जाते, थोडीफार हवेला नुसत्या स्पर्शानेही. खालचं पाणी लाटा-वाऱ्याने घुसळलं जातं, त्यामुळे उष्णता भराभर वर येते. मात्र अगदी वरच्या मिलिमीटरभरात ही घुसळण थांबते. दुधावरच्या सायीसारखा एक थर तिथे असतो (साय डोळ्यांना दिसते, हा दिसत नाही). त्यातून उष्णतेला वहनानेच जावं लागतं, चमच्याच्या दांड्यातून जाते तसं. एकीकडे वरून उष्णता सतत निसटत असते, म्हणून ही साय खालच्या पाण्यापेक्षा अंशाच्या दोन-तीन दशांशांनी थंडच राहते.

वहनाचा नियम शाळेतलाच: दोन टोकांच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका ओघ जोरात. हवेतले वायू वाढले की खाली येणारे अवरक्त किरण वाढतात. ते या सायीच्या वरच्या पापुद्र्यातच अडकतात, हे काकांचं म्हणणं खरं. पण त्याने साय किंचित उबदार होते, वर-खालचा फरक घटतो आणि ओघ मंदावतो. सूर्याने दिलेली उष्णता ठरल्या वेळी बाहेर पडत नाही, साठत जाते. गोधडी स्वतः गरम नसते, तरी तिच्याखाली ऊब येतेच ना! ढग आले की खाली येणारे अवरक्त किरण असेच वाढतात. तेव्हा सायीतला हा फरक कमी होतो का, हे न्यूझीलंडच्या ‘टांगारोआ’ या संशोधन जहाजावरून मोजलं गेलं. होतो.

साठते तरी किती? 1971 पासून पृथ्वीवर जमलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्राने पोटात घेतली. हवेच्या वाट्याला आली फक्त एक टक्का, आणि आपण उन्हाळ्यात बोंब मारतो ती या एका टक्क्याबद्दल. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता अर्धी बादली पाण्याला एका अंशाने तापवण्यातच संपते. पृथ्वीच्या अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता धरायला समुद्राचा वरचा दोन पुरुष पाण्याचा थर पुरतो. त्याखाली सरासरी साडेतीन किलोमीटर पाणी उरतंच.

म्हणूनच ‘समुद्र उकळतोय’ अशी पट्टी चालवणाऱ्या वाहिन्यांचाही मला राग येतो. हिंदी महासागराच्या उष्णकटिबंधीय भागाचा पृष्ठभाग 1951 ते 2015 या काळात साधारण एका अंशाने तापला. हे उकळणं नव्हे. पण इतक्या पाण्याचा एक अंश ही किरकोळ बाब नाही, हे सांगायला भडक पट्टी कशाला लागते?

समुद्राच्या पोटातली ही उष्णता आता मोजतात ती मुख्यतः ‘आर्गो’ नावाची माणसाच्या उंचीची नळकांडी. जगभरच्या समुद्रांत अशी चार हजारांच्या आसपास आहेत, आपल्या अरबी समुद्रातही आहेत. भारताचं त्यांचं काम हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. नळकांडं एक किलोमीटर खोलीवर नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर तरंगत राहतं. मग दोन किलोमीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना तापमान व क्षारता टिपत येतं. इंजिन नाही, पंखा नाही. पोटातलं थोडं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं आणि ते वर येतं, तेल आत ओढलं की बुडतं. पृष्ठभागावर आलं की उपग्रहाला आकडे कळवतं आणि पुन्हा खाली जातं.

काकांना हे सगळं ग्रुपवर लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘छान माहिती’. त्याखाली तेच दोन इमोजी.