अनाथ तरुणांना ख्रिस्ती मंडळीतल्या कुटुंबात आधार द्यायचाय? सोलापुरातली अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

बालगृहातल्या मुलाला किंवा मुलीला 18 वर्षं पूर्ण झाली की संस्थेतला मुक्काम संपतो. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यावर असतं, हातात एक बॅग असते आणि खोली भाड्याने घ्यायची तर जामीन राहायला कुणी नसतं. ख्रिस्ती मंडळीची खरी गरज इथे आहे, नाताळच्या केकपेक्षा कितीतरी जास्त. मात्र पाळकांच्या शिफारसपत्रावर हे काम होत नाही. आधी वय बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

वय 18 पूर्ण असेल तर तो तरुण सज्ञान आहे. कुणाच्या घरी राहायचं हे तो स्वतः ठरवतो, त्यासाठी ताब्याचा आदेश लागत नाही. पण सरकारी मदत सोडू नका. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना अनुरक्षण सेवा (संस्था सोडल्यानंतरचा आधार, म्हणजे आफ्टरकेअर) मिळते, साधारणपणे 21 वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. अर्ज सोलापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. संस्था सोडण्याआधीच केला तर उत्तम, कारण तोवर अधीक्षक आणि फाईल दोन्ही हाताशी असतात. सोबत आधार, जन्मतारखेचा पुरावा, संस्थेतल्या वास्तव्याचा दाखला, बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत, शिक्षणाचा बोनाफाईड आणि तरुणाच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक ठेवा.

दुसरं काम अनाथ प्रमाणपत्राचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. ज्यांचे आई-वडील दोघेही मूल 18 वर्षांचं होण्याआधी वारले, त्यांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. सोलापूर पुणे विभागात येतं, त्यामुळे प्रमाणपत्र तिथल्या विभागीय उपायुक्तांच्या सहीने मिळतं. घोडं अडतं ते मृत्यू दाखल्यांपाशी. वडिलांचा दाखला असतो, आईचा नसतो, किंवा दाखल्यावर एक आडनाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. मंडळीत निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले लोक असतातच. त्यांच्यातल्या एकाने त्या मुलाबरोबर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नोंद शोधली, तर ती कुठल्याही देणगीपेक्षा मोठी मदत ठरते.

वय 18 च्या आत असेल तर मात्र परस्पर कुणालाही घरी ठेवून घेऊ नका. निराधार मूल आढळलं तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. 24 तासांच्या आत माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. मूल मावशी-काकांकडे राहत असेल, तर बालसंगोपन योजनेतून महिना 2,250 रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यू दाखले, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड आणि पासबुक लागतं. नात्याबाहेरच्या मुलाला सांभाळायचं असेल तर प्रतिपालकत्वाचा (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळण्याचा) अर्ज करावा. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही तो करता येतो, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षांचा हवा. ओळखपत्रं, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय दाखला आणि पोलीस पडताळणी जोडा. त्यानंतर गृहभेट होते, मुलाचं मत विचारलं जातं आणि बाल कल्याण समिती आदेश देते.

चर्चच्या आवारातल्या रिकाम्या खोल्यांत मुलांची सोय करावी, असा विचार चांगल्या मनाने पुढे येतो. नोंदणीशिवाय तसं केलं तर कलम 42 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

श्रद्धेबद्दल स्पष्टच लिहितो. येणारा मुलगा हिंदू असेल, मुस्लिम असेल, त्याला आपला सण आणि आपली प्रार्थना जपू द्या. जेवणाच्या ताटाला बाप्तिस्म्याची अट घालू नका. रविवारी उपासनेला यायचं की नाही हे त्याचं तो ठरवेल; उपासनेनंतरच्या जेवणाला मात्र त्याला दर आठवड्याला आठवणीने बोलवा. बँकेच्या फॉर्मवर नॉमिनीच्या रकान्यापाशी या मुलांचं पेन थांबतं. तिथे कुणाचं नाव लिहावं एवढी ओळख व्हायला वेळ लागतो, तो द्या.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या आणि मूळ कागद तरुणाकडेच राहू द्या.