वांगाची ट्यूब आणि रात्रीचं सीरम : पार्श्वभूमी

नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी हे चेहऱ्याच्या सीरममधले दोन घटक एकत्र लावावेत की नाही, यावर आजही हिरिरीने वाद होतात. नायसिनामाइड तीव्र आम्लात आणि उष्णतेत बराच काळ राहिलं तर त्याचं त्वचा लाल करणारं नियासिन होतं, या प्रयोगशाळेतल्या निरीक्षणातून ती भीती आली. चेहऱ्यावर तशी परिस्थिती येत नाही. भारतात घटक एकत्र केल्याने ज्यांचे चेहरे खरोखर बिघडले, त्यांची गोष्ट सीरमच्या बाटल्यांपासून सुरूच होत नाही. ती वांगावरच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांवरच्या, एका ट्यूबपासून सुरू होते.

१९७५ साली अमेरिकेतल्या दोन त्वचातज्ज्ञांनी एक मिश्रण मांडलं : हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतं. ट्रेटिनॉइन वरच्या थराची उलाढाल वाढवतं आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला मदत करतं. त्याने होणारी जळजळ स्टेरॉइड दाबतं, आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ होते त्याला ट्रेटिनॉइन काही प्रमाणात आवर घालतं. घटक एकमेकांचे दोष सांभाळतात, अशी ही हुशार जुळणी होती.

२००२ मध्ये अमेरिकेत याचं सौम्य रूप मंजूर झालं. हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्का, आणि स्टेरॉइड म्हणून फ्लुओसिनोलोन, तेही केवळ ०.०१ टक्का. मुदत जास्तीत जास्त आठ आठवडे, सोबत सनस्क्रीन सक्तीचं.

आपल्याकडे या तीन घटकांच्या मिश्रणाचं ‘ट्रिपल कॉम्बिनेशन’ हे नाव तसंच राहिलं, पण आतला माल बदलला. घरोघर पोचलेल्या ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्का, आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का असतं. म्हणजे दोन घटक निम्म्यावर आले आणि नेमकं स्टेरॉइड जास्त ताकदीचं झालं. मोमेटासोन फ्लुओसिनोलोनच्या त्या मात्रेपेक्षा स्पष्टपणे तेज आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी औषधं चालत राहिली आणि परदेशातल्या अभ्यासांचा विश्वास देशी ट्यूबला आपोआप मिळाला. या नावाच्या गोंधळाने जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्याही दोन सीरमच्या जोडीने केलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठ आठवड्यांची अट तर वाटेतच गळाली. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळतो, मऊ होतो; शेजारीण विचारते, वहिनी नाव सांगते, मेडिकलवाला हसत ट्यूब देतो. तो ती देऊ शकत होता, कारण शेड्यूल एच या चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीखालच्या टिपेत बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड चिठ्ठीवर, तेच स्टेरॉइड चेहऱ्यावर चोळायचं असेल तर मोकळं. शरीराचा सर्वांत दिसणारा आणि पातळ त्वचेचा भाग या सूटीत सापडला, हे मला आजही पटत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवरच्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. बऱ्याच जणांसाठी ती गोरेपणाची क्रीम होती. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर, मार्च २०१८ च्या अधिसूचनेने १४ स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली काही मलमंही होती. कागदावर दार लागलं. सवय मात्र आधीच घरात येऊन बसली होती.

त्यानंतर साधारण २०२० पासून टक्केवारी ठळक छापलेली सीरमं स्वस्तात मिळू लागली. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल, सगळं सौंदर्यप्रसाधन म्हणून. ज्या चेहऱ्यावर ती जातात, त्यांतल्या काहींवर जुनी ट्यूब अजून चालू असते. ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइन आधीच आहे. वरून रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक म्हणजे सोलणाऱ्या घटकांची दुहेरी मात्रा, तीही स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर. गव्हाळ-सावळ्या त्वचेत प्रत्येक जळजळ मागे काळा डाग सोडू शकते, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच वाढतं. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड जोडलं तर हायड्रोक्विनोनशी मिळून त्वचेवर तात्पुरता गडद डाग येतो. शिवाय बेंझॉइल पेरॉक्साइड साध्या ट्रेटिनॉइन जेलचं उजेडात विघटन करतं. ट्रेटिनॉइनच्याच गटातलं अ‍ॅडापॅलीन मात्र बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत टिकतं, म्हणून ती जोडी २००८ मध्ये अमेरिकेत एका ट्यूबमध्ये मंजूर होऊ शकली.

सर्वांत फसवा प्रसंग ट्यूब बंद केल्यावर येतो. महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं की काही दिवसांत चेहरा लाल होतो, आग होते, पुळ्या उठतात. त्याच आठवड्यात नवं सीरम सुरू केलेलं असेल तर दोष सीरमला जातो, ते फेकलं जातं, आणि जुनी ट्यूब लावली की दोन दिवसांत आराम पडतो. म्हणून ‘काय काय लावता?’ या प्रश्नाला सीरमची यादी पुरत नाही; कपाटातली ती ट्यूब, तिच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांसह, डॉक्टरांसमोर ठेवावी लागते. ती कशी कमी करत आणायची हे त्यांनी ठरवल्यावर मगच नव्या घटकांचा विचार, तोही एका वेळी एकाचा.