परिचर्येतील शारीरिक तपासणी : वयोगटांनुसार

डोळे, हात, कान आणि मोजकी साधी उपकरणे वापरून रुग्णाच्या शरीराची क्रमवार पाहणी करणे आणि त्यावरून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे, याला परिचर्येत शारीरिक तपासणी म्हणतात. डॉक्टर ती मुख्यतः निदानासाठी करतात. परिचारिकेला तिचा उपयोग दोन कामांसाठी होतो : काळजीची आखणी करणे आणि रुग्णाच्या स्थितीत पडलेला फरक वेळीच पकडणे. डॉक्टरांचा राउंड ठरावीक वेळी होतो, परिचारिका मात्र पूर्ण ड्युटीभर खाटेजवळ असते. त्यामुळे रुग्ण बिघडू लागला आहे हे बहुधा आधी तिलाच दिसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात ही तपासणी दुसऱ्या सत्रातच, परिचर्येच्या मूलतत्त्वांसोबत शिकवली जाते. पुढे बालपरिचर्या, प्रसूतिपरिचर्या आणि सामाजिक आरोग्य या विषयांत तीच पुन्हा निराळ्या रूपात समोर येते.

गोव्यात हे शिक्षण घेणाऱ्यांचा सराव प्रामुख्याने बांबोळी येथे होतो. तेथे सरकारी परिचर्या शिक्षण संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वर्तमानपत्री भाषेतले ‘गोमेकॉ’, अशी दोन्ही आहेत. गोमेकॉची परंपरा १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. जिल्हा इस्पितळे म्हापसा आणि मडगाव येथे आहेत. जुनी माणसे त्यांना अजून ‘आझिलो’ आणि ‘हॉस्पिसियो’ म्हणतात. सामाजिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये गावातली आरोग्य केंद्रे आणि घरभेटी येतात.

वय बदलले की नाडीचे आणि श्वासाचे आकडे बदलतात, हे विद्यार्थी तक्ता पाठ करून लवकर शिकतात. पण वयानुसार तपासणीचा क्रमही बदलतो, हात ठेवण्याची रीत बदलते आणि कोणत्या लक्षणावर किती विसंबायचे तेही बदलते. तपासणीतला खरा अवघड भाग हा आहे, आणि तक्त्यात तो मावत नाही.

चार पद्धती. पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज घेणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे या तपासणीच्या चार पद्धती होत. ठोकण्याची पद्धत ऑस्ट्रियन वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवत; पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखण्याच्या तिथल्या सवयीवरून त्यांना ही पद्धत सुचली असावी, असे सांगितले जाते. रने लायनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसला स्टेथोस्कोप शोधला. रक्तदाब मोजताना पट्ट्याखालच्या धमनीत ऐकू येणारे आवाज रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णिले. आवाज प्रथम ऐकू येतो तो वरचा आकडा, आणि पूर्ण थांबतो तो खालचा.

नेहमीचा क्रम पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे असा आहे. पोट तपासताना तो मोडावा लागतो. आधी पाहायचे, लगेच ऐकायचे, मग ठोकायचे आणि चाचपणे सर्वांत शेवटी, कारण पोट दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात. दुखणारी जागाही शेवटीच चाचपायची. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

नवजात बालक. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अपगार गुणांक, म्हणजे बाळाच्या प्रकृतीचा झटपट अंदाज देणारा आकडा, मोजतात. अमेरिकी भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्वचेचा रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, स्नायूंचा ताण आणि श्वसन या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण मिळतात. पुढची सविस्तर तपासणी उबदार जागी, चांगल्या उजेडात आणि बाळाला थोडे थोडेच उघडे करून करायची असते, कारण बाळ फार लवकर गार पडते. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे बाळ. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. हे आईला आधीच सांगून ठेवले तर तिची बरीच घालमेल वाचते.

बाळ झोपलेले असेल तर श्वास आणि हृदयाचे ठोके आधी मोजून घ्यावेत. ते रडू लागले की दोन्ही आकडे निरुपयोगी ठरतात. नवजाताचा श्वास अनियमित असतो, मध्येच काही सेकंद थांबतोही. म्हणून पंधरा सेकंद मोजून चौपट करणे इथे चालत नाही. पूर्ण मिनिट मोजावे लागते. मिनिटाला ३० ते ६० श्वास आणि साधारण ११० ते १६० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा आहे.

टाळू बाळ शांत आणि उभे धरलेले असताना चाचपावी. ती खोल गेली असेल तर शरीरात पाणी कमी पडल्याचा संशय घ्यावा. फुगून ताठ झाली असेल तर मेंदूवरचा दाब वाढल्याचा. रडताना ती अशीही थोडी वर येते. पुढची टाळू बहुधा वर्ष ते दीड वर्षात भरते, मागची दोनेक महिन्यांत. कावीळ पाहण्यासाठी कपाळाची किंवा नाकाची कातडी बोटाने दाबून सोडतात आणि दाबलेल्या जागी पिवळेपणा दिसतो का ते दिवसाच्या उजेडात पाहतात. तोंडाचा टाळा, पाठीचा कणा, गुदद्वार आणि मांड्यांचे सांधे यांची पाहणी सुटता कामा नये. कमरेखाली दिसणारे निळसर डाग भारतीय बाळांमध्ये सर्रास असतात. तो मार लागल्याचा व्रण नव्हे. आपल्याकडे बाळाच्या कमरेला किंवा मनगटाला दृष्टीचा काळा दोरा असतोच. तो काढायला लावण्याची गरज नाही, पण बाजूला सरकवून खालची कातडी लाल झाली आहे का हे पाहावे.

शिशू आणि लहान मूल. सहा-सात महिन्यांनंतर मुलाला परके माणूस कळू लागते आणि डोक्यापासून पायापर्यंतचा पाठ केलेला क्रम कोलमडतो. अशा मुलाला खाटेवर न घेता आईच्या मांडीवर ठेवूनच तपासावे. आधी लांबूनच पाहावे : ते खेळते आहे का, मलूल आहे का, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का. मग स्टेथोस्कोप. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर ते मूल कशालाच तयार होत नाही. कानात पाहताना तीन वर्षांखालच्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढतात, मोठ्यांचा वर आणि मागे.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजणे हे या वयातले सर्वांत स्वस्त आणि मोलाचे साधन आहे. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर श्वास जलद समजतात. जुलाब होत असलेल्या मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून अधिक लागले, तर पाणी फार कमी झाले आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण. वेदना किती हे लहान मूल सांगू शकत नाही. त्याचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे यांवरून गुण देतात. तीन वर्षांपुढच्या मुलाला चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारता येते.

शाळकरी आणि किशोरवय. शाळकरी मुलाला स्टेथोस्कोप हातात देऊन स्वतःचे हृदय ऐकू दिले की अर्धे काम होते. दृष्टी, दात, पाठीच्या कण्याचा बाक आणि रक्तक्षय यांकडे लक्ष द्यावे. किशोरवयात आडोसा महत्त्वाचा ठरतो. काही प्रश्न आईवडिलांना बाहेर बसवूनच विचारावे लागतात. पाळी, तंबाखू, दारू किंवा मनातली भीती याबद्दल पालकांसमोर मिळालेले उत्तर फारसे कामाचे नसते.

प्रौढ आणि गर्भवती. नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०, रक्तदाब १२०/८० च्या आसपास, हे पाठ्यपुस्तकातले प्रमाण या वयाचे आहे. रक्तदाबाच्या पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. पट्टा अरुंद असेल तर आकडा खोटाच वर जातो. वॉर्डात एकच पट्टा सर्वांना गुंडाळला जातो तेव्हा ही चूक रोज होते. सावळ्या त्वचेवर फिकटपणा किंवा निळसरपणा गालांवर शोधून उपयोग नाही; खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, ओठांची आतली बाजू आणि तळवे पाहावेत.

गोव्यात प्रौढ रुग्णाला कामधंदा विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. काजूच्या हंगामात टरफलातल्या तेलाने बोटे काळी पडतात, कातडी भाजते आणि सोलवटते. नुसते पाहणाऱ्याला तो भलताच त्वचारोग वाटू शकतो. पावसाळ्यात शेताच्या चिखलात राबणारा माणूस ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत तीव्र दुखणे घेऊन आला तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार करायलाच हवा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीमार्फत पसरतो, म्हणून रानात जाणाऱ्या तापाच्या रुग्णाची काख, जांघ, कानामागची जागा डोळ्यांखालून घालावी.

गर्भवतीचे पोट चाचपण्याआधी तिला लघवीला जाऊन यायला सांगतात आणि हात चोळून ऊब आणतात. साधारण विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी येतो. त्यानंतर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सेंटिमीटरमधली उंची आणि आठवडे जवळजवळ सारखे असतात. शेवटच्या महिन्यांत तिला फार वेळ उताणे ठेवू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन तिला घेरी येते. अशा वेळी तिला डाव्या कुशीवर वळवावे.

वृद्ध. गोव्याच्या संदर्भात या भागाला सर्वांत अधिक जागा द्यायला हवी. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातली ११ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या साठीच्या पुढची होती. हे प्रमाण देशात केरळखालोखाल होते. मुले परदेशी आणि घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र बार्देश-सासष्टी या तालुक्यांत जुनेच आहे. आता ते पेडणे-डिचोलीतही दिसते. प्रोवेदोरिया ही सरकारी संस्था वृद्धाश्रम चालवते.

वृद्धाच्या तपासणीत नेहमीची लक्षणे दगा देतात. न्यूमोनिया असूनही बऱ्याचदा ताप नसतो, कारण मुळात तापमानच कमी असते. त्यामुळे आकड्यापेक्षा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानाहून एक अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढ झाली आहे का हे पाहणे बरे. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या दम लागण्याने किंवा गळून जाण्याने येऊ शकतो, विशेषतः मधुमेह असेल तर. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलू लागली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, नवे औषध किंवा सोडियम घटणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. हा बदल कधीपासून, हे घरच्या माणसाला विचारणे हा तपासणीचाच भाग आहे.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता ठरवणे या वयात फसवे असते, कारण ती मुळातच सैल असते. छातीच्या मधल्या हाडावर पाहावे आणि जीभ कोरडी आहे का तेही बघावे. रक्तदाब आडवे असताना आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला लावणे ही चाचणी घरभेटीतही सहज करता येते. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर काळजीचे. अंथरुणाला खिळलेल्याच्या माकडहाडाची, टाचांची आणि घोट्यांची कातडी प्रत्येक ड्युटीत पाहावी. बोटाने दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली ही दाबव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे, आणि सावळ्या त्वचेवर ती लाल न दिसता गडद, कोमट किंवा टणक लागते. ऐकू कमी येणाऱ्याशी ओरडून बोलू नये. वयानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे समोर बसून खालच्या पट्टीत सावकाश बोललेले अधिक कळते. कानात मळ साचला आहे का हेही बघावे. पुष्कळदा बहिरेपण तेवढेच असते.

सराव आणि नोंद. प्रयोगशाळेत आधी ट्यूटर डेमो देतात, मग विद्यार्थी पुतळ्यावर आणि एकमेकांवर रिटर्न डेमो देतात, म्हणजे तेच करून दाखवतात. पुतळा बहुधा प्रौढाचा असतो आणि वर्गमैत्रीण विशीतली. सुरकुतलेली कातडी, वाकलेली पाठ आणि दर दोन शब्दांनी थांबणारा श्वास वॉर्डातच भेटतो. विद्यार्थ्यांना वृद्धांच्या पोस्टिंगला जास्त दिवस मिळायला हवेत, असे म्हणण्यास गोव्यात तरी भरपूर आधार आहे.

रुग्ण कोंकणीत सांगतो, मराठीत सांगतो, बाहेरून आलेला मजूर कन्नडमध्ये किंवा हिंदीत सांगतो, आणि चार्ट इंग्रजीत भरला जातो. या प्रवासात दुखण्याची जागा आणि वेळ हरवू नये म्हणून तक्रार आधी रुग्णाच्याच शब्दांत लिहून घेतात. ‘रुग्ण ठीक’ ही नोंद निरुपयोगी आहे. श्वास मिनिटाला किती, सूज घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का, तपासणी किती वाजता झाली आणि डॉक्टरांना कधी कळवले, हे चार्टवर असावे लागते. रात्रपाळीची परिचारिका सकाळचे आकडे पाहूनच फरक ठरवते, म्हणून नाडी कोणत्या हाताला पाहिली, रक्तदाब बसून घेतला की आडवे असताना, हेही तिथेच लिहितात.