तंबाखू (शब्द)

तंबाखू : नाम, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगीही. इतर रूपं तमाखू, तंबाकू, तमाकू. बटाटा, वांगं, मिरची ज्या कुळातली त्याच कुळातल्या निकोटियाना प्रजातीच्या झाडाला आणि त्याच्या वाळवून-मुरवून तयार केलेल्या पानालाही हाच शब्द. म्हणजे शेतात उभा असतो तोही तंबाखू आणि पुडीत असते तीही तंबाखू. लागवडीत मुख्य जाती दोन, निकोटियाना टॅबॅकम आणि निकोटियाना रस्टिका, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. लागवड, प्रक्रिया, शरीरावरचे परिणाम हे विषय इथे घेतलेले नाहीत, ही नोंद फक्त शब्दापुरती आहे. 'तंबाखू हा पोर्तुगीज शब्द आहे' ही ओळ शाळेच्या व्याकरणापासून आपण ऐकत आलोय आणि ती नीट तपासली तर अर्धीच टिकते, म्हणून पुढचं जरा सविस्तर.

व्युत्पत्ती

इंग्रजीतला टोबॅको, जर्मनमधला टाबाक, फ्रेंचमधला ताबा हे सगळे स्पॅनिश-पोर्तुगीज 'ताबाको'कडे जातात, इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो ताबाको मुळात कशाचं नाव होतं इथून. नोव्हेंबर 1492 मध्ये कोलंबसने क्युबात आत पाठवलेल्या दोन माणसांनी, लुईस दे तोर्रेस आणि रॉद्रिगो दे हेरेस यांनी, तिथल्या लोकांना हातात जळतं कोलीत आणि पाला घेऊन धूर घेताना पाहिलं. या प्रसंगाची कोलंबसच्या रोजनिशीतली नोंद आहे, पण 'ताबाको' हा शब्द तिच्यात नाही. शब्दासाठी दोन साक्षीदार उरतात आणि दोघांचं आपसात जुळत नाही.

पहिला गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो, स्पॅनिश इतिहासकार. त्याचा इतिहासग्रंथ 1535 मध्ये सेव्हिलला छापला गेला. हिस्पॅनिओला बेटावरचे (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) लोक धूर कसा घेतात ते तो अगदी हातात धरून दाखवावं तसं सांगतो : टीचभर लांब, करंगळीएवढी जाड पोकळ नळी, एका टोकाला दोन फाटे, ते दोन्ही फाटे दोन नाकपुड्यांत घालायचे आणि दुसरं टोक जळत्या पाल्याच्या धुरावर धरायचं, शुद्ध हरपेपर्यंत. आणि मग तो मुद्दाम बजावतो की ताबाको म्हणतात ते या नळीला, काहींना वाटतं तसं त्या वनस्पतीला नाही आणि त्यानंतर येणाऱ्या गुंगीलाही नाही.

दुसरा बार्तोलोमे दे लास कासास. हा त्या बेटांवर अनेक वर्षं राहिलेला पाद्री, तिथल्या लोकांवरच्या अत्याचारांविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाळलेला पाला एका वाळक्या पानातच गुंडाळायचा, एक टोक पेटवायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं. स्पेनमधली मुलं सणाला कागदाच्या बंदुका करतात तशी ही सुरळी दिसते असं तो लिहितो, आणि या सुरळ्यांना ते लोक ताबाको म्हणतात. म्हणजे एकाच्या मते नळी, दुसऱ्याच्या मते गुंडाळी.

कॅरिबियन भाषांचे अभ्यासक बहुतेक लास कासासच्या बाजूने झुकतात आणि प्रस्तुत नोंदकर्त्यालाही तेच जास्त पटतं. फाटे फुटलेल्या नळीचा उपयोग धुरापेक्षा भुकटी नाकात ओढण्यासाठीच होत असावा. ही भुकटी 'कोहोबा' नावाची, आणि ती तंबाखूची नसून वेगळ्याच एका झाडाच्या बियांची, हे सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये दाखवून दिलं. ओव्हिएदोने दोन वेगळे प्रकार एकत्र केले असावेत असं त्यावरून म्हणता येतं. तरी शतकानुशतकं कोशांमध्ये ओव्हिएदोची नळीच का दिसते, तर त्याचं साधं कारण छपाई आहे, त्याचा ग्रंथ लगेच लोकांच्या हाती पडला आणि लास कासासचा मोठा इतिहास हस्तलिखितातच पडून राहून थेट 1875 मध्ये छापला गेला. ज्यांचा हा शब्द, त्या बेटांवरच्या मूळच्या ताइनो लोकांना विचारण्याची सोय तोपर्यंत कधीच संपली होती. आज त्यांची भाषा उरली आहे ती असल्याच परक्यांनी टिपलेल्या शब्दांपुरती.

एक लक्षात घेण्यासारखं म्हणजे दोघांपैकी कुणाचंही मानलं तरी ताबाको हे झाडाचं नाव नव्हतंच. पाहणाऱ्यांनी साधनाचं किंवा गुंडाळीचं नाव ऐकलं आणि ते पानाला, मग झाडाला लावून टाकलं.

तिसरं मत अरबीचं. अरबी वैद्यकात 'तुब्बाक' किंवा 'तब्बाक' नावाने काही औषधी वनस्पती नवव्या शतकापासून सांगितल्या आहेत आणि स्पॅनिश-इटालियनमध्येही कोलंबसच्या आधी, पंधराव्या शतकात, ताबाकोसारखं नाव औषधी झुडपांना होतं. तेव्हा खलाशांनी घरचंच ओळखीचं नाव नव्या पानाला दिलं असेल, असं काही कोशकार मानतात. हे मत सहज उडवून लावण्यासारखं नाही. पण मग दोन वेगळ्या स्पॅनिश लेखकांनी 'हा तिथल्या लोकांचा शब्द' असं स्वतंत्रपणे का लिहावं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल, तिथला शब्द कानावर पडला आणि घरच्या शब्दाशी जुळला म्हणून पटकन रुजला. टोबॅगो बेटावरून किंवा मेक्सिकोतल्या ताबास्को प्रांतावरून नाव पडलं या गोष्टी मात्र केवळ आवाजाच्या साम्यावर उभ्या आहेत.

झाडाची खरी अमेरिकन नावं वेगळीच होती. ब्राझीलच्या तुपी भाषेतलं 'पेतुम' फ्रेंचमध्ये 'पेतुँ' होऊन काही काळ चाललं, आज ते पिटुनिया या फुलझाडाच्या नावात उरलंय (ते तंबाखूचं नात्यातलंच). मेक्सिकोच्या नाहुआत्लमध्ये 'पिसिएत्ल'. निकोटियाना हे शास्त्रीय नाव ज्याँ निको याच्यावरून, हा 1559 ते 1561 लिस्बनमध्ये फ्रान्सचा राजदूत होता आणि तिथून त्याने हे औषध म्हणून फ्रेंच दरबारात पाठवलं. लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये ते नाव पक्कं केलं, आणि 1828 मध्ये जर्मनीत पोसेल्ट आणि रायमान यांनी वेगळ्या काढलेल्या द्रव्याला निकोटिन म्हणतात तेही त्याच्याचमुळे.

मराठीत कसा आला

आता मुख्य प्रश्न. ताबाकोमध्ये अनुस्वार नाही, तंबाखूत आहे, तो कुठून आला? फारसीत 'तंबाकू', तुर्कीत 'तोंबेकी', मलायमध्ये 'तेंबाकाउ', जुन्या चिनी लिखाणात 'दानबागु', कोरियनमध्ये 'दाम्बे', म्हणजे आशियात ब च्या आधी नाकातला आवाज जवळजवळ सगळीकडे आहे आणि युरोपात कुठेच नाही. त्यामुळे तो बदल मराठीने घरी केला असं मानणं कठीण आहे, बंदरांमधून फिरतानाच शब्दाला हे वळण लागलं असणार.

शेवटचा 'ऊ' बघा. पोर्तुगीजमधून थेट आलेल्या शब्दांत शेवटचा आघात नसलेला 'ओ' मराठीत साधारण गळतो, 'त्रोंको'चा तुरुंग झाला, 'कार्तुशो'चं काडतूस. काजूत ऊ टिकला कारण मूळ 'काजू'मध्ये जोरच शेवटच्या अक्षरावर आहे. ताबाकोत जोर मधल्या 'बा'वर, मग नियमाने 'तबाक' किंवा 'तंबाक' असं काहीतरी व्हायला हवं होतं. पोर्तुगीज बोलण्यात शेवटचा ओ ऊसारखा ऐकू येतो हे खरं, पण तो तुरुंगातही ऐकू आला असणारच. म्हणून झाड आणि सवय पोर्तुगीजांनी आणली आणि शब्द मात्र फारसी वापरणाऱ्या दख्खनच्या दरबारांमधून मराठीत पक्का झाला, हे मत जास्त सयुक्तिक वाटतं.

याला एक चांगला आधार विजापूरचा आहे. अकबराचा अधिकारी असद बेग आदिलशाहीत गेला होता, तिथे त्याला तंबाखू दिसला, हिंदुस्थानात आपण तो आधी कधी पाहिला नव्हता असं तो फारसीत लिहून ठेवतो. 1604-05 च्या सुमारास त्याने तो सजवलेल्या नळीसकट आग्र्याला नेला. बादशहाने कौतुकाने दोन-तीन झुरके घेतले, वैद्य अस्वस्थ झाला, आणि खान-ए-आझम या दरबारी सरदाराने माहिती पुरवली की हे मक्का-मदिनेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे विजापुरात माल होता, आणि हजच्या वाटेवरून त्याची माहितीही येत होती. आदिलशाहीचे महसुली कागद मराठीत चालत, दरबार फारसीत, त्यामुळे शब्द एका भाषेतून दुसरीत जायला वेगळी वाट लागत नव्हती. जहांगीरने 1617 मध्ये बंदी घातली तोवर शब्द उत्तरेतही रुळलेला दिसतो.

ख चा महाप्राण (क मध्ये मिसळलेला ह) मात्र इकडचाच, पोर्तुगीजमध्येही क आणि फारसीतही क. 'तमाखू' हे रूप तंबाखूतला ब गळून झालंय, आंबा-आम, लिंब-नीम या जोड्यांसारखं.

शेजारच्या भाषांनी वेगळा मार्ग घेतला. कन्नडमध्ये होगेसोप्पु, तेलुगूत पोगाकु, तमिळमध्ये पुगैयिलै, मल्याळममध्ये पुकयिल, सगळ्यांचा अर्थ धुराचं पान किंवा पाला. म्हणजे वस्तू पाहून नाव ठेवलं. मराठी, गुजराती, हिंदी, बंगालीने परका शब्दच घेतला.

संस्कृतात 'तमाखु' नंतर आला. चरकसंहितेत धूमपान सांगितलंय म्हणून तंबाखू आपल्याकडे पुरातन होता असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो, पण तिथल्या धूमवर्ती (धूर घेण्याच्या वाती) औषधी वनस्पतींच्या आहेत, तंबाखूच्या नाहीत. तमालपत्राशीही या शब्दाचा संबंध नाही. उत्तरकालीन सुभाषितांत मात्र तो छान खेळवलाय : 'तमाखुपत्रं राजेन्द्र भज माज्ञानदायकम्'. एका तऱ्हेने तोडलं तर 'राजा, अज्ञान देणारं हे तंबाखूचं पान सेवू नकोस', आणि 'तम् आखुपत्रम्' असं तोडलं तर 'उंदीर ज्याचं वाहन, त्या लक्ष्मी आणि ज्ञान देणाऱ्या गणपतीला भज'. परका शब्द संस्कृतच्या संधीत इतका सहज बसला की कवीला त्यात गणपती सापडला. शब्द किती मुरला होता हे सांगायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

वापर

मराठीत तंबाखू खातात, मळतात, ओढतात, दाढेखाली धरतात, प्रत्येक क्रियापदाने प्रकार बदलतो. 'बार भरणे' म्हणजे मळलेली चिमूट तोंडात टाकणे. नुसतं 'तंबाखू' म्हटलं तर बोलण्यात बहुतेक वेळा खायचीच समजली जाते, ओढायच्याला विडी, चिलीम असे साधनाचे शब्द, भाजून केलेल्या दातवणाला मिश्री किंवा मशेरी, नाकात ओढायची ती तपकीर. तपकिरी हा रंग या शेवटच्या शब्दावरूनच.

लिंग अजून ठरलेलं नाही, 'तंबाखू मळला' आणि 'तंबाखू मळली' दोन्ही बरोबर आहेत. पीक किंवा माल म्हणून बोलताना पुल्लिंगाकडे कल जाणवतो, चिमटीतली किंवा पुडीतली म्हटली की स्त्रीलिंगाकडे, पण भाग बदलला की हेही बदलतं. कायद्याच्या आणि आरोग्यखात्याच्या भाषेत 'तंबाखूजन्य पदार्थ', 'तंबाखूमुक्त', 'तंबाखूविरोधी' असे समास तयार झालेत, ते अलीकडचे आहेत.